आकडा रुग्णाच्या हाती

१९६९ साली प्रयोगशाळेच्या उपकरणांविषयीच्या एका अमेरिकी नियतकालिकात जाहिरात आली : रक्ताच्या एका थेंबावरून मिनिटभरात साखर सांगणारे यंत्र. ते रुग्णालयांसाठी होते. रात्री प्रयोगशाळा बंद असताना बेशुद्धावस्थेत आणलेला माणूस मधुमेही आहे की दारू प्यायलेला, हे तातडीच्या विभागाला कळावे हा त्यामागचा हेतू. ही जाहिरात रिचर्ड बर्नस्टाईन या पस्तिशीतल्या इंजिनिअरच्या नजरेस पडली. त्यांना बाराव्या वर्षापासून मधुमेह होता. रुग्णाला असे यंत्र विकत मिळत नसे. पत्नी डॉक्टर, म्हणून तिच्या नावावर मागवले. वजन तीन पौंड, किंमत ६५० डॉलर.

१९४६ साली त्यांचा आजार उघडकीस आला, तेव्हा घरी तपासता येई ती फक्त लघवी. परीक्षानळीत निळे बेनेडिक्ट द्रावण, त्यात लघवीचे थेंब, मग उकळायचे. निळा रंग हिरवा, पिवळा, विटकरी होत जाई तसा साखरेचा अंदाज बांधायचा. पण रक्तातली साखर साधारण १८०च्या वर गेल्याशिवाय ती लघवीत उतरतच नाही, आणि उतरते तीही काही तासांपूर्वीची. साखर फार खाली गेली, तर नळी गप्पच. अशा अंदाजावर इन्शुलिन टोचत वर्षे गेली आणि तिशीत बर्नस्टाईन यांच्या लघवीतून प्रथिने जाऊ लागली. मूत्रपिंडे बिघडत चालल्याची ती खूण होती.

नवे यंत्र वापरणे म्हणजे सोपस्कारच होता. बोट टोचून पट्टीवर थेंब घ्यायचा, घड्याळात साठ सेकंद मोजायचे, पाण्याने रक्त धुऊन टाकायचे, पट्टी टिपून यंत्रात घालायची आणि तबकडीवरचा काटा स्थिरावेपर्यंत थांबायचे. बर्नस्टाईन हे दिवसातून पाच-पाच वेळा करू लागले. साखर कधी चाळिशीच्या खाली, कधी चारशेच्या वर! डॉक्टरांनी सांगितलेले सारे पथ्य पाळूनही ही स्थिती. मग इंजिनिअर करतो तेच त्यांनी केले. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि आकडा लिहून ठेवायचा. एकाऐवजी इन्शुलिनच्या दोन टोचण्या, पुढे आणखी लहान लहान मात्रा. ताटातली कर्बोदकेही कमी. साखर सरळ रेषेत आली. काही वर्षांनी लघवीतली प्रथिनेही थांबली.

हा अनुभव लिहून त्यांनी वैद्यकीय नियतकालिकांकडे पाठवला. तो परत आला. मला यातले दुःख मोठे वाटते. ज्याच्या शरीरात हे घडत होते, त्याच्या वहीला किंमत नव्हती. कारण वही डॉक्टरची नव्हती. बर्नस्टाईन यांनी नोकरी सोडली आणि १९७९ साली, पंचेचाळिसाव्या वर्षी, अल्बर्ट आइन्स्टाईन वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला. १९८३ मध्ये ते डॉक्टर झाले.

त्याच वर्षी अमेरिका आणि कॅनडातल्या १,४४१ टाइप-१ रुग्णांवर एक मोठी चाचणी सुरू झाली. तिचा निष्कर्ष १९९३ साली आला : वारंवार तपासून साखर काबूत ठेवलेल्या गटात डोळ्यांच्या विकाराचा धोका ७६ टक्क्यांनी घटला, मूत्रपिंडाचा सुमारे निम्म्याने. मात्र साखर धोकादायकरीत्या उतरण्याचे प्रसंग त्या गटात जवळपास तिप्पट होते.

ही भीती खरी आहे, आणि बर्नस्टाईन यांचा वादग्रस्त भाग इथेच सुरू होतो. त्यांचे म्हणणे असे, की जेवणात कर्बोदके थोडी असली तर इन्शुलिन थोडे लागते आणि इन्शुलिन थोडे असले की चूकही लहान राहते. म्हणून दिवसाला जेमतेम ३० ग्रॅम कर्बोदके. दोन-तीन पोळ्यांतच हा कोटा संपतो! २०१८ साली ‘पेडियाट्रिक्स’मध्ये त्यांच्या पद्धतीने चालणाऱ्या ३१६ जणांची पाहणी छापून आली. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखवणारे एचबीए१सी सरासरी ५.६७ टक्के होते, म्हणजे निरोगी माणसाइतके. पण ही माणसे स्वतःहून पुढे आलेली, चिकाटीची. त्यावरून सरसकट आहार ठरवता येत नाही. वाढत्या वयाच्या मुलाला तर डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय असे पथ्य लावूच नये.

तपासण्याच्या आग्रहाबद्दल मात्र माझ्या मनात शंका नाही. आपल्याकडे ‘फास्टिंग-पीपी’ केली की तीन महिने सुटलो, अशी समजूत आहे. इन्शुलिनवर असलेल्याला ती महागात पडते. यंत्र आज मुठीत मावते, थेंबही इवलासा लागतो. संपतात त्या पट्ट्या. टाइप-१ असलेल्या मुलाला दिवसाला चार-पाच लागतात, आणि महिनाअखेरीस हात आखडला की घरात पहिली कात्री त्यांनाच लागते. इन्शुलिनच्या बाटलीबरोबर पट्ट्यांचा डबाही सरकारी दवाखान्यातून फुकट मिळायला हवा, अगदी तालुक्याच्या गावीसुद्धा.

बर्नस्टाईन म्हातारपणीही रुग्ण तपासत राहिले. २०२५च्या एप्रिलमध्ये ते गेले, तेव्हा त्यांचे वय ९० होते आणि मधुमेहाचे ७८.