चित्रपट शिकायला कोणता संगणक ‘लागतो’?



दर वर्षी जून-जुलैमध्ये प्रवेशाचे दिवस आले की काही पालक एक कागद घेऊन आमच्याकडे येतात. मुलाला किंवा मुलीला चित्रपटाच्या पदवीला जायचं असतं आणि महाविद्यालयाने ‘विद्यार्थ्याकडे असा संगणक हवा’ म्हणून यादी दिलेली असते. दुकानात किंमत विचारली की कळतं, आकडा वर्षाच्या फीच्या जवळपास जातो. मग कर्ज काढायचं का, की हा नादच सोडायचा, अशी चर्चा घरात सुरू होते. नाद सोडणारी मुलंही असतात. म्हणून आज हा विषय घेतला आहे.

आम्ही तत्त्वज्ञान शिकवणारे, संगणकाचे जाणकार नव्हे, असं तुम्ही म्हणाल. पण ‘लागतो’ हा शब्द आमच्या प्रांतातला आहे. भाकरीला पीठ लागतं, ते नसेल तर भाकरी होणारच नाही. ही झाली आवश्यक अट. पण पीठ आहे म्हणून भाकरी झाली, असं होत नाही. म्हणजे ती पुरेशी अट नाही. आणि तिसरा प्रकार सोयीचा: गॅस असला तर बरं, नसला तर चूल आहे. त्या यादीत हे तिन्ही प्रकार एकाच ओळीत बसवलेले असतात. आपण ते वेगळे करू.

त्यासाठी आधी संगणकावर ओझं कसलं पडतं ते बघू. फुल एचडी चित्राची एक फ्रेम म्हणजे १९२० गुणिले १०८०, सुमारे २० लाख ७३ हजार बिंदू. प्रत्येक बिंदूच्या रंगासाठी ३ बाइट धरले तर एका फ्रेमला ६२ लाख बाइट होतात. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे जवळजवळ १४९ मेगाबाइट. तासाभराचं चित्रण ५०० जीबीच्या वर जातं. फोर-के असेल तर त्याच्या चौपट, २१०० जीबीहून अधिक.

एवढं कुणी साठवत नाही. कॅमेरा ते दाबून लहान करतो. कसं? एक फ्रेम पूर्ण लिहायची आणि पुढच्या काही फ्रेममध्ये फक्त काय बदललं तेवढंच नोंदवायचं. सेकंदाला १०० मेगाबिट या दराने लिहिणाऱ्या कॅमेऱ्याचं फोर-के चित्रण अशा रीतीने तासाला ४५ जीबीत बसतं.

आता गंमत बघा. फाइल लहान झाली, पण संकलनाला अवघड झाली. तुम्ही मधल्याच एका फ्रेमवर बोट ठेवलंत, तर संगणकाला मागच्या पूर्ण फ्रेमपासून एकेक बदल जोडत तिथवर यावं लागतं. वहीत रोजचा जमाखर्च आहे, पण शिल्लक महिन्यातून एकदाच लिहिली आहे. मग सतरा तारखेची शिल्लक विचारली की एक तारखेपासून बेरीज करणं आलं. जुना लॅपटॉप इथे अडखळतो. आणि मुलांना वाटतं, यंत्र बदलल्याशिवाय आपलं काम होणार नाही.

इथे एक जुना उपाय आहे. पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट १९६० साली सुरू झाली. तिथे पुढची कित्येक वर्षं फिल्मवर काम चाललं. मूळ निगेटिव्हला कुणी कात्री लावत नसे. तिची एक साधी प्रत, वर्क प्रिंट, काढायची. ती स्टीनबेकसारख्या यंत्रावर हवी तशी कापायची, चिकटवायची, पुन्हा उसवायची. सगळे निर्णय पक्के झाले की फिल्मच्या कडेचे क्रमांक जुळवून मूळ निगेटिव्ह एकदाच कापायची.

आजची ‘प्रॉक्सी’ म्हणजे हीच वर्क प्रिंट. प्रीमियर आणि दा विंची रिझॉल्व्ह या दोन्हींत ही सोय आहे. मूळ फोर-के फाइलची हलकी प्रत बनवायची. समजा प्रोरेस प्रॉक्सी प्रकारात फुल एचडी प्रत केली, तर तासाला साधारण १६ जीबी लागतात. तिच्यात प्रत्येक फ्रेम पूर्ण असते, म्हणून साधा लॅपटॉपही सहज चालतो. शेवटी सॉफ्टवेअर प्रॉक्सी बाजूला करून मूळ फाइल जोडतं. किंमत द्यावी लागते ती वेळाची: प्रती बनवायला रात्रभर यंत्र चालू ठेवावं लागेल. पण ती रात्र कर्जापेक्षा स्वस्त आहे.

मग आवश्यक काय? मेमरी. अ‍ॅडोबीची शिफारस एचडीसाठी १६ जीबी आणि फोर-केसाठी ३२ जीबी अशी आहे. प्रॉक्सीवर काम करणाऱ्याने १६ धरावी. आजकाल पुष्कळ लॅपटॉपमध्ये, आणि अ‍ॅपलच्या सगळ्याच, मेमरी नंतर वाढवता येत नाही. म्हणून हा खर्च सुरुवातीलाच करावा. साठवणीला आतली डिस्क एसएसडी असावी. आकार लहान असला तरी बाहेरून जोडता येते. वेगळं ग्राफिक्स कार्ड रंगकामाला आणि इफेक्ट्सना उपयोगी पडतं, रिझॉल्व्ह तर त्याच्यावर बराच विसंबतं. पण पहिल्या वर्षाला ते सोयीच्या रांगेत ठेवायला हरकत नाही. रंग तपासायला महाविद्यालयाचा चांगला मॉनिटर वापरावा. आणखी एक: नागपूर-जळगावकडच्या मे महिन्यात पातळ लॅपटॉप तापला की स्वतःहून वेग कमी करतो. दुकानातल्या एसीमध्ये हे दिसत नाही.

मॅक की विंडोज, हा वाद मुलं फार घालतात. फायनल कट प्रो विंडोजवर चालत नाही. प्रीमियर आणि रिझॉल्व्ह दोन्हींकडे चालतात. रिझॉल्व्हच्या मोफत आवृत्तीतून ३८४० गुणिले २१६० पर्यंतचं चित्र काढता येतं. विद्यार्थ्याच्या लघुपटाला त्याहून मोठं कशाला हवं?

आता एक खरी आवश्यक गोष्ट. ती पुष्कळदा यादीत नसते आणि मुलं तिच्यावर पैसे घालायला नाखूश असतात. ती म्हणजे दुसरी डिस्क. १९९८ मध्ये पिक्सारमध्ये ‘टॉय स्टोरी २’चं काम चालू असताना एका चुकीच्या आज्ञेने चित्रपटाचा बहुतेक भाग पुसला गेला. बॅकअप तपासला, तर तो नीट चालतच नव्हता. गॅलिन सुसमन या तांत्रिक दिग्दर्शिका बाळ लहान असल्याने घरून काम करत होत्या. त्यांच्या घरच्या संगणकावर प्रत होती म्हणून चित्रपट वाचला. एवढ्या मोठ्या स्टुडिओची ही गत, तर वसतिगृहातल्या एकुलत्या डिस्कचं काय? नियम सोपा आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक दुसऱ्या जागी. संगणक पुन्हा विकत घेता येतो. चित्रीकरणाचा दिवस पुन्हा मिळत नाही.

आणि पुरेशी अट? ती कुठल्याच यादीत सापडणार नाही. वॉल्टर मर्च यांनी २००३ चा ‘कोल्ड माउंटन’ दुकानात मिळणाऱ्या पॉवर मॅक जी-४ वर, फायनल कट प्रोमध्ये संकलित केला. त्या यंत्रांत २ जीबीपेक्षा जास्त मेमरी बसत नसे. त्या संकलनाला ऑस्करचं नामांकन मिळालं. आज पालक ज्याला ‘साधा’ म्हणतात तो लॅपटॉप त्या यंत्राच्या कितीतरी पुढे आहे. मर्च यांची नजर मात्र त्याच्यासोबत डब्यात येत नाही.

तेव्हा पालकांनी दुकानात जाण्याआधी महाविद्यालयाला चार प्रश्न विचारावेत. कोणतं सॉफ्टवेअर शिकवता? त्याचा परवाना तुम्ही देता का? कॅमेरा कोणत्या प्रकारची फाइल देतो? संगणक कक्ष रात्री किती वाजेपर्यंत उघडा असतो? चौथ्याचं उत्तर ‘पाच वाजेपर्यंत’ असेल, तर संगणकाचा सगळा भार घरावर पडणार, हे समजून घ्या. कक्ष उशिरापर्यंत उघडा असेल, तर पहिलं वर्ष साध्या यंत्रावर काढून दुसऱ्या वर्षी विचार करता येईल.

आणि महाविद्यालयांना आमची एक विनंती आहे. याद्या जरूर द्या, पण त्यांचे दोन रकाने करा: ‘याशिवाय चालणार नाही’ आणि ‘असेल तर बरं’. त्या एका रेघेने एखाद्या घरातलं कर्ज वाचेल, आणि एखादी मुलगी प्रवेश अर्ज मागे घेणार नाही.