फेस, कंगवा आणि कुरळे केस

1934 साली प्रॉक्टर अँड गॅम्बलने अमेरिकेत ‘ड्रीन’ हा शाम्पू आणला आणि केस धुण्यातली एक जुनी कटकट मिटली. साबण जड पाण्यातल्या क्षारांशी मिळून केसांवर पांढुरका थर सोडायचा. कृत्रिम डिटर्जंटवरच्या या शाम्पूने तो थर टळला, पण घाणीबरोबर केसांचं तेलही जाऊ लागलं. सरळ केसांना हे खपून जायचं, कारण टाळूचं तेल त्यांच्यावरून सहज खाली उतरतं. कुरळ्या केसांत ते वळणावळणावर अडतं. त्यामुळे टोकं मुळातच कोरडी, आणि केस जिथे वळतो तिथे तुटण्याची भीती. मॅडम सी. जे. वॉकर यांच्यासारख्या उद्योजिकांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच कृष्णवर्णीय स्त्रियांसाठी वेगळी उत्पादनं काढली होती. पण बाजाराने ती कायम वेगळ्या फळीवर ठेवली.

शाम्पू चांगला की वाईट हे ठरवणारी मापंही सरळ केसांच्या सोयीची होती. 1941ची रॉस-माइल्स चाचणी घ्या. द्रावण ठरावीक उंचीवरून सोडायचं, फेस किती चढला आणि पाच मिनिटांनी किती उरला ते मोजायचं. चाचणी चोख आहे, पण ती फेस मोजते, सफाई नाही. गिऱ्हाइकाने मात्र फेस हीच सफाईची खूण मानली. तमिळनाडूतून निघालेली शाम्पूची पुडी 1980च्या दशकात गावोगावच्या दुकानांत लटकू लागली, तेव्हा शिकेकाई-रिठ्याच्या घरांतही भरघोस फेसाची चटक पोचली. फेसाखेरीज दुसरं मापही तसंच निघालं: प्रयोगशाळांत विंचरायला लागणारं बळ मोजणारी यंत्रं आली. केसांची सरळ बट लावली की आकडे नीट येतात. कुरळी लावली की कंगवा अडकतो आणि आलेख दातेरी होतो.

अमेरिकी टीव्ही-सूत्रसंचालिका ओप्रा विन्फ्री यांचे केशरचनाकार आंद्रे वॉकर यांनी 1990च्या दशकात केसांचे चार प्रकार मांडले: सरळ, लहरी, कुरळे आणि अतिकुरळे. सरळ केस पहिल्या क्रमांकावर, यावर पुढे टीकाही झाली. 2007मध्ये लॉरेआलच्या संशोधकांनी वंशाचं लेबल बाजूला ठेवून 18 देशांतल्या माणसांच्या केसांचा वळसा मोजला आणि आठ प्रकार पाडले. दरम्यान न्यू यॉर्कच्या केशरचनाकार लोरेन मॅसी यांनी जोरदार धुणारे सल्फेट डिटर्जंट आणि केसांवर थर धरणारे सिलिकोन दोन्ही कुरळ्या केसांना वर्ज्य सांगितले होते. नियम सरसकट होता, पण ‘आमचे केस वेगळे धुवा’ ही मागणी त्याने कंपन्यांच्या दारात नेली.

फॉर्म्युला बनवणाऱ्यांची खरी परीक्षा तिथे सुरू झाली. सल्फेटचा शाम्पू चिमूटभर मिठाने दाट होतो; ग्लुकोसाइडसारखे सौम्य घटक घेतले की मीठ चालत नाही, झँथन गम वगैरे लागतो. फेसही उतरतो. नुसतं सौम्य असून भागत नाही, धुताना केसांवर काहीतरी राहायलाही हवं. त्यासाठी पॉलिक्वाटर्नियम-10 हे धनभारित रसायन वापरतात. बाटलीत ते विरघळलेलं असतं. डोक्यावर पाणी पडून शाम्पू पातळ झाला की वेगळं होऊन केसांवर पातळसा थर धरतं. प्रमाण थोडं चढलं तर बारीक कुरळे केस चिपचिपीत होऊन लोंबतात. म्हणून चाचण्याही बदलल्या. अर्ध्या डोक्याला जुना शाम्पू, अर्ध्याला नवा. दमट कपाटात बट टांगून वळसा किती तास टिकतो ते पाहणं.

आता ‘सल्फेट-फ्री’ हा शिक्काच फेसासारखी ढोबळ खूण होऊन बसला आहे. सल्फेट नसलेलं ओलेफिन सल्फोनेटही चांगलंच जोरात धुऊ शकतं. उलट सल्फेटमध्ये बीटेन हा सौम्य घटक नीट मिसळला तर त्याचा कडकपणा उतरतो. तेव्हा एखाद्या घटकाचं नाव वाचून निकाल लागत नाही. कोकणातल्या पावसाळ्यात सुटणारा वळसा आणि मराठवाड्यात बोअरच्या जड पाण्याने राठ होणारी बट, दोन्हींना एकच बाटली देणाऱ्याने ती दोन्हीकडे तपासलेली असली पाहिजे.