मालिकेतील मुले आणि आपली मुले

दापोली तालुक्यातील बुरोंडीसारख्या किनाऱ्यावरील गावातही दुकान वाढवून व्यापारी घरी येतो, तेव्हा आजीपासून नातवापर्यंत सारे दूरचित्रवाणीसमोर बसलेले असतात. पडद्यावरचा पंधरा वर्षांचा मुलगा मात्र त्या नातवाला ओळखीचा वाटत नाही. कौटुंबिक मालिकांत किशोरवयीन पात्र बहुधा दोनच रूपांत येते : एक तर उद्दाम, नाहीतर अकाली शहाणे. त्याची चूक आईच्या अश्रूंचे निमित्त ठरते. त्याचे मन उलगडत नाही.

अपवादही आहेत. झी मराठीवर २०१२ मध्ये सुरू झालेली ‘उंच माझा झोका’ ही मालिका रमाबाई रानडे यांच्या जीवनावर होती. १८७३ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, त्यांचा विवाह झाला. पती महादेव गोविंद रानडे त्यांना शिकवू लागले. घरातील स्त्रियांना ते रुचेना. या ओढाताणीत घडत जाणारी मुलगी प्रेक्षकांना भावली.

२०२५ मध्ये नेटफ्लिक्सवर आलेल्या ‘अ‍ॅडोलसन्स’ या चार भागांच्या ब्रिटिश मालिकेत तेरा वर्षांच्या मुलावर शाळेतील मुलीच्या खुनाचा आरोप येतो. तो आपल्या खोलीत आहे, म्हणजे सुरक्षित आहे, असे आईवडील समजत राहिले होते.

रमेला शिकवायला घरात कोणी होते. या मुलाच्या मनात काय साचत आहे, हे कोणी विचारले नव्हते. आपण रोजमेळ नियमाने लिहितो. तितक्याच नियमाने मालिका संपल्यावर मुलाला ‘तुला हे पटले का?’ असे विचारावे आणि त्याचे उत्तर मध्येच न तोडता ऐकावे.