फ्लॅश उडतो, पण वेळेवर उडतो का?

मैत्रिणींनो, घरातला जुना रोलचा कॅमेरा बाहेर काढला की आपण फ्लॅश लावून बटण दाबतो. लख्ख उजेड पडला की म्हणतो, चालू आहे! एवढ्यावर विसंबू नका. शटर पूर्ण उघडं असतानाच फ्लॅश उडायला हवा. नाहीतर बारशाचा अख्खा रोल वाया जायचा, आणि बारसं काही पुन्हा होत नाही.

तपासायला रोल लागत नाही. उलट आत रोल असेल तर मागचं दार उघडूच नका. रिकामा कॅमेरा अंधाऱ्या खोलीत न्या, दार उघडा. कॅमेरा आणि फ्लॅश दोन्हींची तोंडं पांढऱ्या भिंतीकडे करा. फ्लॅशकडे थेट बघायचं नाही.

याशिका मॅट १२४ जीसारख्या कॅमेऱ्यात शटर भिंगातच असतं. मागून खालच्या भिंगातून बघत बटण दाबा. उजेडाचा पूर्ण गोल दिसला तर ठीक. काहीच दिसलं नाही तर आधी बाजूची खिटी बघा, ती बहुधा ‘एम’वर असते. ‘एम’ ही जुन्या, एकदाच जळणाऱ्या बल्बची खूण. तो बल्ब पेटायला वेळ घ्यायचा, म्हणून त्याला आधी इशारा जातो. आजचा फ्लॅश तोवर उडून विझलेला असतो. त्याला ‘एक्स’ हवं.

पेंटॅक्स के १००० सारख्या कॅमेऱ्यात मात्र शटर म्हणजे रोलपुढून सरकणारा कापडी पडदा. तिथे भिंग काढून ठेवा आणि रोलच्या चौकटीवर बटर पेपर धरा. पडद्याला बोट लावू नका. १/६० वर सगळी चौकट उजळली पाहिजे. १/२५० वर नुसता पट्टा उजळेल. तो बिघाड नव्हे, पडद्याची रीतच तशी. झेनिट ई असेल तर १/३० च्या वर जाऊ नका.

हे दहा वेळा करा. मधेच एखादी खेप चुकली तर फ्लॅश बसतो ती खाच आणि वायरचं टोक कोरड्या फडक्यानं पुसा. तरीही चुकत असेल तर दुरुस्तीवाल्याकडे न्या.

फ्लॅश मात्र घरी खोलू नका, मुलांच्या हाती तर नकोच. सेल काढले तरी आत तीनशे व्होल्टच्या आसपास वीज साठून राहते, जबर झटका बसतो.