‘डिझेल खराब आहे’ : एका निदानाची फोड

बीड जिल्ह्यातील कपिलधार हे बालाघाटाच्या डोंगररांगेत वसलेले, मन्मथस्वामींच्या समाधीमुळे प्रसिद्ध असलेले तीर्थक्षेत्र होय. अशा डोंगराळ मुलखात वीज नसताना विहिरीवरील जुने डिझेल इंजिन अद्यापि कामी येते. पावसाळाभर ते बंद असते आणि रब्बीत एकाएकी कामास जुंपले जाते. कोकण किनाऱ्यावरील जुन्या मासेमारी नौकेचे इंजिनही पावसाळी बंदीच्या काळात असेच स्वस्थ पडून असते. दोहोंची नेहमीची व्याधी एकच, ती म्हणजे दूषित इंधन. तिच्यापायी विहिरीवर पीक वाळते, तर समुद्रात नौका लाटांच्या स्वाधीन होते.

इंजिन अडखळू लागले की ‘डिझेल खराब आहे’ असे म्हटले जाते. हे विधान पुष्कळदा खरे असते. परंतु त्यात तीन भिन्न दोष एकवटलेले असून प्रत्येकाची परीक्षा व उपाय निराळे आहेत.

पहिला दोष पाण्याचा. अर्धवट भरलेल्या टाकीतील दमट हवा रात्री निवते व बाष्प आतील पत्र्यावर जमते. पाणी डिझेलपेक्षा जड असल्यामुळे ते तळाशी साचते. ते पंपात शिरले म्हणजे इंजिन अनियमित चालते व पांढरा धूर टाकते. टाकीच्या तळचे इंधन काचेच्या बाटलीत काढून काही वेळ स्थिर ठेवावे. पाण्याचा थर खाली स्पष्ट दिसतो.

दुसरा दोष गाळाचा. पाणी व डिझेल यांच्या सीमेवर जीवाणू आणि बुरशी वाढतात. त्यात गंज मिसळतो व फिल्टर तुंबतो. असे इंजिन भार नसताना बरे चालते, भार पडताच दम सोडते. लाटांनी टाकीचा तळ ढवळला जातो. म्हणूनच बंदरात निर्दोष वाटलेले इंजिन खोल समुद्रात बंद पडते. येथे केवळ फिल्टर बदलून भागत नाही, टाकी धुवावी लागते.

तिसरा दोष रॉकेलच्या भेसळीचा. रॉकेल डिझेलमध्ये पूर्णपणे मिसळते, थर धरीत नाही. त्यामुळे बाटलीची परीक्षा येथे निरुपयोगी ठरते. तापमान लक्षात घेऊन घनता मोजल्यास संशयास जागा मिळते. पंपाला वंगण डिझेलचेच मिळत असल्याने या भेसळीने त्याची झीज वाढते.

याखेरीज ‘इंजिनने एअर धरली’ ही तक्रार वेगळी मानावयास हवी. तिची लक्षणे वरील दोषांसारखी असली, तरी कारण बहुधा सैल झालेला सांधा असते. फिल्टर बदलल्यानंतर नळीतील हवा न काढल्यासही इंजिन सुरू होत नाही.

म्हणून प्रथम बाटली, नंतर फिल्टर व टाकी, मग सांधे व हवा आणि सर्वांत शेवटी नोझल व पंप, असा तपासाचा क्रम असावा. पंपाचे भाग एकमेकांत अत्यंत सूक्ष्म अंतराने बसविलेले असतात. धुळीत ते उघडणे हेच नव्या बिघाडाचे कारण होते. क्रम उलटला तर नवे नोझल जुन्याच पाण्याने पुन्हा निकामी होते.