धावते पाणी, थबकलेले पाणी

कृष्णा खोऱ्यातल्या माशांची पहिली शास्त्रीय यादी निम्मीशिम्मी मराठीतच आहे. मुंबई इलाख्याची सांख्यिकी माहिती गोळा करणाऱ्या विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्याने १८३९ मध्ये दख्खनच्या माशांची वर्णने प्रसिद्ध केली. नदीकाठी जी नावे कानांवर पडली, त्यांनाच त्याने लॅटिन पेहराव चढवला. कोळसचा ‘कोलस’ झाला आणि मळ्याचा ‘मुल्या’. यातला मळ्या बोटभर लांबीचा. हनुवटीखालच्या चकतीने तो खडकाला चिकटतो आणि दगडावरचे शेवाळ खरवडून खातो. पाणी जितके जोराने वाहील तितका तो सुखी. सातारा-सांगलीच्या नद्यांत गेल्या दोनशे वर्षांत काय घडले, ते मळ्याच्या बाजूने पाहिले तर नीट कळते.

त्या काळच्या निसर्ग अभ्यासकांना सह्याद्रीच्या माथ्यावर आणखी एक नवल सापडले होते. महाबळेश्वर परिसरातल्या एका छोट्या गोगलगायीचे वर्णन १८५५ मध्ये झाले. तिचे बहुतेक नातलग समुद्रकिनाऱ्यावर राहणारे. ही मात्र डोंगरातल्या ओढ्यांच्या तुषारांनी भिजलेल्या कातळावर. खाऱ्या पाण्याच्या घराण्यातली ही शाखा गोड्या पाण्यात आली आणि पश्चिम घाटातच राहिली. पुढे १९१९ मध्ये नेल्सन अ‍ॅनंडेल या प्राणिशास्त्रज्ञाने मुंबई इलाख्यातल्या छोट्या ओढ्यांवर निबंध लिहिला. त्यासाठी पाहिलेल्या प्रवाहांत मेढ्याजवळची वेण्णाही होती. दगडाखाली दडणारे, खडकाला चिकटणारे, प्रवाहाला तोंड देण्यासाठी चपटे झालेले असे जीव त्याला तिथे भेटले. धावत्या पाण्याचे हे जग तेव्हा जवळजवळ शाबूत होते.

जवळजवळ म्हणायचे, कारण पाणी अडवायला सुरुवात झाली होती. महाबळेश्वरचा वेण्णा तलाव १८४२ चा. कराडजवळ खोडशीचा बंधारा घालून कृष्णेचा कालवा काढला, तो १८६० च्या दशकात. माण-खटावच्या दुष्काळी पट्ट्यात म्हसवड, मायणी येथे इंग्रजी अमदानीतच तलाव झाले. माणसांच्या आणि शेतीच्या गरजेसाठी बांधलेल्या या उथळ तलावांवर पुढे पक्ष्यांनी हक्क सांगितला. मायणीला रोहित पक्षी येऊ लागले. ते चोच उलटी धरून चिखलपाण्यातले सूक्ष्म जीव गाळून खातात. खोल पाण्याचा त्यांना उपयोग नाही. त्यामुळे तलावात साठणारा गाळ त्यांच्या पथ्यावर पडतो, पण एका मर्यादेपर्यंतच. गाळ वाढत जाऊन पाणीच उरेनासे झाले, की रोहितही फिरकत नाहीत. २०२१ मध्ये मायणीला पक्षी संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला, म्हणजे माणसाने बांधलेले तळे नैसर्गिक ठेवा म्हणून जपायची वेळ आली.

खरा फरक पडला तो कोयनेने. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला धरणात पाणी साठू लागले आणि डोंगरांतून उसळत येणारी नदी शिवसागर जलाशय झाली. तिचे पाणी पाटणकडे वाहत येऊन कराडच्या प्रीतिसंगमात कृष्णेला मिळायचे. आता त्यातले वर्षाला ६७.५ टीएमसीपर्यंत पाणी वीज तयार करून सह्याद्रीच्या पलीकडे, वाशिष्ठीच्या खोऱ्यात उतरते. नदीचा एवढा हिस्सा पूर्वेचा पश्चिमेला गेल्याचे उदाहरण विरळाच. पाठोपाठ कृष्णेवर धोम, वेण्णेवर कण्हेर, वारणेवर चांदोली अशी धरणे झाली. साठलेल्या पाण्यात तळ गाळाने भरतो, दगड झाकले जातात आणि प्रकाश तळाशी पोहोचत नाही. शेवाळ गेले की मळ्याची उपजीविका गेली.

शिवसागर जलाशयाच्या काठच्या डोंगरावर, हुंबर्लीच्या परिसरात मिळालेल्या एका छोट्या भेकाचे वर्णन १९६३ मध्ये पी. डब्ल्यू. सोमण यांनी केले. हा कोयना भेक. त्याला नदीही लागत नाही आणि धरणही लागत नाही. जांभ्याच्या सड्यावर पावसाचे बोटभर पाणी साचले, की त्यात त्याची अंडी. ऊन पडून डबके आटण्याआधी पिल्लांना बेडूकपण गाठावे लागते. कासच्या पठारावरचा वायतुराही अशाच क्षणभंगुर पाण्याचा. १९८२ मध्ये शास्त्रीय नाव देताना सातारा त्याच्या नावातच गोवला गेला. इंग्रजी वाय अक्षरासारखा दुभंगलेला तुरा म्हणून वायतुरा. मराठी नावात इंग्रजी अक्षर असलेली फुले फारशी नसतील. उन्हाळाभर त्याचा कंद कोरड्या मातीत निपचित पडून असतो. २०१२ मध्ये कास जागतिक वारशात गेले. तिथली गर्दी फुलांसाठी असते. त्या फुलांमागे चार महिन्यांचे पाणी आहे, हे क्वचितच कोणाच्या लक्षात येते.

थबकलेल्या पाण्यात मासेमारीला मात्र नवे दिवस आले. १९५७ मध्ये कटक येथे हिरालाल चौधुरी यांनी संप्रेरकांच्या इंजेक्शनने माशांचे प्रजनन घडवले आणि गंगेच्या खोऱ्यातले कटला, रोहू देशभरच्या तलावांत सोडणे सोपे झाले. १९५२ मध्ये भारतात आलेली चिलापी तर कोणाची परवानगी न मागता पसरली. तिची मादी अंडी तोंडात सांभाळते आणि ही जात गढूळ, कमी ऑक्सिजनच्या पाण्यातही तग धरते. वाई आणि महाबळेश्वरच्या माशांची यादी ई. जी. सिलास यांनी १९५३ मध्ये दिली होती. सुमारे सहा दशकांनी, २०१२ मध्ये, वाईजवळच्या कृष्णेचा पुन्हा अभ्यास प्रसिद्ध झाला. तेव्हा जुन्या नोंदींतल्या काही जाती सापडल्या नाहीत, तर बाहेरून आलेल्या जाती हजर होत्या.

खाली सांगलीकडे नदी वेगळ्या तऱ्हेने थबकते. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचे बरगे घातले, की कृष्णा एकामागोमाग एक लांबट डोहांची माळ होते. उसाला पाणी मिळते आणि मगरीला घर. औदुंबर, भिलवडी, डिग्रज या पट्ट्यात तिचा वावर नित्याचा. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तिला संरक्षण मिळाले. शिवाय खोल पाणी, भरपूर मासे आणि बिळे करायला मऊ काठ यांमुळे तिचे बस्तान बसले. उन्हाळ्याच्या तोंडाला ती काठाच्या मातीत अंडी पुरते. पिल्ले पावसाआधी बाहेर पडतात. याच काळात वाळूचा उपसा आणि वीटभट्ट्यांसाठी मातीची उचल जोरात असते. घरटे उद्ध्वस्त करायला हे पुरेसे आहे. पाणवठ्यावर माणसांवर हल्ले झाल्याने या प्राण्याबद्दल काठच्या गावांत भीतीही आहे आणि ती खोटी नाही. २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेले. तेथे धोक्याची पातळी ४५ फूट आहे. तेव्हा आणि २०२१ च्या पुरातही मगरी वस्तीत आल्या. पुराला नदीची हद्द माहीत नसते, तशी मगरीलाही नसते.

सांगलीकडे ‘मळी’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक, नदीकाठची गाळाची कसदार जमीन, जिथे मगर अंडी घालते. दुसरा, साखर कारखान्यात उरणारी मळी. तिच्यापासून अल्कोहोल काढल्यावर राहिलेले सांडपाणी नदीत आले की मासे मरतात. या सांडपाण्यात सेंद्रिय द्रव्य अतोनात असते. ते कुजवताना जिवाणू पाण्यातला ऑक्सिजन संपवतात. मासे आधी वर येऊन तोंड उघडझाप करतात, मग उताणे पडतात. मार्च २०२३ मध्ये अंकलीजवळ मेलेल्या माशांचा खच पडला आणि त्यातून राष्ट्रीय हरित लवादापर्यंत प्रकरण गेले. अशा घटना उन्हाळ्यातच जास्त घडतात, कारण तेव्हा बंधाऱ्यांमागचे पाणी हलत नाही आणि आलेली घाण तिथेच मुरते.

पावसाळ्याच्या तोंडावर बरगे काढले जातात. त्यानंतरचे काही महिने बंधाऱ्यांच्या पट्ट्यात कृष्णा सलग वाहते, आणि खोऱ्यातले अनेक मासे त्याच दिवसांत अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध वर चढतात, पहिल्या धरणाच्या भिंतीपर्यंत.