बास सामुद्रधुनीतील कयाक आणि बीकन

ऑस्ट्रेलियाची मुख्य भूमी आणि टास्मानिया यांच्यामधील बास सामुद्रधुनी सरासरी सुमारे 60 मीटर खोल असून, या उथळपणामुळेच पश्चिमेकडून येणाऱ्या लाटा तेथे उंच आणि उभट होतात; त्यामुळे विल्सन्स प्रोमोंटरीहून बेटाबेटांनी दक्षिणेकडे जाणाऱ्यांना कयाक उलटण्याची शक्यता गृहीत धरूनच निघावे लागते. संकटात आपले ठिकाण कळवणारा, मुठीत मावणारा रेडिओ-प्रक्षेपक, म्हणजेच वैयक्तिक बीकन, कयाकच्या कप्प्यात ठेवला तर तो जवळपास निरुपयोगी ठरतो, कारण हातून सुटलेली रिकामी कयाक वाऱ्याने झपाट्याने दूर जाते आणि बीकनही तिच्यासोबत जातो. त्याची योग्य जागा लाइफ जॅकेटच्या खिशात, तीही दोरीने बांधून आणि दोन्हींपैकी कोणताही हात पोहोचेल अशी.

अँटेना उभारून कळ दाबली की बीकन साधारण दर 50 सेकंदांनी 406 मेगाहर्ट्झवर सुमारे अर्ध्या सेकंदाचा संदेश पाठवतो. 1979 मध्ये अमेरिका, सोव्हिएत संघ, कॅनडा आणि फ्रान्स यांनी उभारलेल्या कोस्पास-सारसॅट या व्यवस्थेचे उपग्रह तो टिपतात आणि भूकेंद्रांमार्फत तो कॅनबेरातील बचाव-समन्वय केंद्रापर्यंत पोहोचतो. संदेशातील सांकेतिक क्रमांकावरून मालकाची नोंद सापडते. ही नोंदणी विनाशुल्क असूनही ती टाळणे अक्षम्य म्हणावे लागेल, कारण तिच्यामुळेच अधिकारी घरच्यांना फोन करून प्रवासी खरोखर समुद्रात आहे का आणि तो कोणत्या मार्गाने निघाला होता, हे विचारू शकतात.

खरी कसोटी मात्र पाण्यात लागते. मोठ्या जहाजांवरचा बीकन स्वतःच सरळ तरंगून किमान 48 तास संदेश देतो. वैयक्तिक बीकन किमान 24 तास चालतो, परंतु त्यांतील अनेक नुसते तरंगत सोडल्यास नीट काम करत नाहीत. अँटेना पाण्याबाहेर, उभी आणि आकाशाकडे मोकळी राहावी लागते, जीपीएस ग्राहकावर बोटे येऊ द्यायची नसतात, आणि हे सारे थंडीने बधिर झालेल्या एका हाताने साधायचे असते, कारण दुसऱ्या हाताने कयाक धरून ठेवायची असते. म्हणून खिसा उघडून बीकन बाहेर काढण्याचा सराव, कळ न दाबता, हातमोजे घालून किनाऱ्याजवळच्या पाण्यातच करावा लागतो.

हेलिकॉप्टर दिसले तरी बीकन बंद करायचा नसतो, त्यातून 121.5 मेगाहर्ट्झवर निघणाऱ्या क्षीण संकेताचा माग काढत बचाव पथक शेवटचे अंतर कापत असते.